दोन कानांचा डोंगर

बाबा त्याला कान्या म्हणतात.
वनखात्याच्या रजिस्टरात तो
कक्ष क्रमांक एकशे बारा,
निमसदाहरित, उतार तीव्र.

तांबळडेगच्या दर्यात, आठ वाव पाण्यावर
होडी हळूहळू सरकवत न्यायची,
गावच्या देवळाचा कळस
कान्याच्या दोन कानांमध्ये नेमका बसेपर्यंत.
बसला की नांगर सोड.
खाली खडप. खडपात तांबोशी, गोबरे,
आणि एकदा एक घोळ,
झोपलेलं पोर उचलावं तशी
बाबांनी दोन्ही हातांवर उचललेली.

ही खूण आजोबांनी त्यांना दिली, त्यांनी मला,
कुणाला सांगायची नाही या बोलीवर.
मी ती घेऊन घाट चढलो.
हंगामी मजूर, कॅमेरे बांधायला.

कार्तिक सरतोय.
पहाटे साडेपाचला उजव्या कानाच्या बुडाशी
बोटांना सेलची टोकं कळत नाहीत.
पावसाळाभर शीळ घालणारा कस्तुर गप्प आहे.
कारवी गेल्या साली फुलली आणि मेली,
उभीच वाळली. तिच्यातून चालताना
आपणच आपल्या मागून येतोय असं वाटतं.
जानू झोरे पुढे. त्याच्या चार पिढ्या या सड्यावर.
तो वाकतो, माती चिमटीत घेतो, हुंगतो.
अस्वल, म्हणतो. काल नाही, परवा.
उंबर खाल्लंय.

हिरड्याच्या शेंड्यात शेकरूचं घरटं,
त्याखाली कोळसुंद्यांची केसाळ, पांढुरकी विष्ठा,
दगडावर मुद्दाम ठेवल्यासारखी.
मी दोन्ही वहीत लिहितो.
पाठीवर मिठाचं पोतं. शिरोड्याचं जाडं मीठ,
चाटणीसाठी. दव पितं आणि पाझरतं,
माझी पाठ घरच्यासारखी खारट होते.

उजाडतं तेव्हा खाली कोकण नसतंच,
नुसतं धुकं, ओढ्याओढ्यातून वर रांगणारं.
नऊच्या सुमारास ते फाटतं.
आणि पार टोकाला, आभाळ जिथे संपायला हवं
तिथे एक रेघ, तापल्या तव्याच्या काठासारखी.
तो दर्या काय? जानू विचारतो.
त्यानं कधी पाय भिजवलेले नाहीत.
मी कळस शोधतो. दिसत नाही.
कसा दिसेल, इथून मीच खुणेच्या आत उभा आहे.

महिन्यानं सुट्टी. बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
होडी आता थोरल्याकडे, आणि थोरल्याकडे जीपीएस.
खडप आता आकड्यांत आहे, कुणालाही सापडेल.
पडवीत जाळ्याच्या ढिगावर बसून
मी मोबाइल त्यांच्या डाव्या डोळ्यापाशी धरला.

रात्री दोन चौदा. तापमान नऊ.
कानांच्या फटीत गवा,
चुन्यातून चालत आल्यासारखे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे,
मान खाली, जीभ मिठावर.

"हेका मीठ कोण देता?"
आम्हीच. शिरोड्याचं.
"मगे तो आमचोच म्हणाचो."

मग बराच वेळ काही नाही.
"ही कान्याची मागची बाजू काय?"
होय.
"माका वाटलेला, पलीकडे कायच नसतला."

दुसऱ्या फोटोत त्याची मान वळलेली,
पश्चिमेला. बाबांनी अंगठ्यानं चित्र ताणलं,
जाळं विणून घट्टे पडलेला अंगठा, पडद्याला कळेना,
तीनदा गवा नाहीसा झाला, तीनदा मी परत आणला.
शेवटी शिंगांच्या मधोमध
त्यांना एक पांढरा ठिपका सापडला.

"ह्यो दिवो देवगडचो," ते म्हणाले,
आणि आईला हाक मारली.

आई ओल्या हातानं आली, बघून गेली.
कॅमेरा बांधला त्या सकाळी
मी भिंग पुसायला विसरलो होतो.